‘टाटाला नेले’ : परगावी उपचारास जाणाऱ्या रुग्णाचे वाक्य आणि आपली कथने

कर्करोगावर मराठीत जे लिहिले व दाखविले गेले आहे त्यात रोगाचे वर्णन पुष्कळ आहे, मरणाचे चिंतन त्याहून अधिक आहे. परंतु रोगाचे निदान हाती घेऊन परक्या शहरी बिऱ्हाड करावे लागते, या गोष्टीचे वर्णन फारच थोडे आहे. वर्धा जिल्ह्यातील माणसाच्या दृष्टीने पाहता ही उणीव साधी नव्हे. या जिल्ह्यातील गावांत कर्करोग झाल्याची वार्ता कानी येते ती बहुधा रोगाच्या नावाने येत नाही. ती गावाच्या नावाने, किंबहुना गावाच्या नावासारख्या वापरल्या जाणाऱ्या एका नावाने येते. ‘त्यांना टाटाला नेले’ असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्यास पुढे काही विचारावे लागत नाही. प्रस्तुत लेखात या वाक्याचा भाषिक विचार करावयाचा आहे, आणि त्या विचाराच्या कसोटीवर दोनतीन प्रसिद्ध कथने घासून पाहावयाची आहेत.

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. वर्ध्याहून मुंबई लोहमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे, आणि सायंकाळी वा रात्री निघणाऱ्या गाड्यांतून हे अंतर एका रात्रीत तोडता येते. मधल्या काळात विदर्भात सोयी वाढल्या. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय, अलीकडे जामठ्याला झालेली मोठी संस्था, सेवाग्रामला १९६९ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, सावंगीचे रुग्णालय यांमुळे प्रत्येक रुग्णाने मुंबई गाठलीच पाहिजे अशी स्थिती आता राहिलेली नाही. तरीही ‘टाटा’ हे नाव बोलीतून हटलेले नाही. ज्याला नागपुरासच उपचार मिळाले त्याच्याविषयीही ‘टाटाला का नाही नेले?’ हा प्रश्न विचारला जातो, व त्यात आप्तांच्या मायेचा हिशेब मागितलेला असतो.

आता रूपाकडे वळू. मराठीत गतीचे लक्ष्य गाव असेल तर ‘-ला’ येतो : पुण्याला, आर्वीला, हिंगणघाटला. लक्ष्य इमारत असेल तर सामान्यतः ‘-त’ येतो : घरात, दवाखान्यात, कचेरीत. शाळेला, कॉलेजला, ऑफिसला असे प्रयोग रूढ आहेत हे खरे. पण ते नित्याच्या ये-जा करण्याविषयीचे आहेत. एकदाच, नाइलाजाने जावयाच्या इमारतीस ‘-ला’ लागावा याचे कारण निराळे असले पाहिजे. वर्धेकरांच्या बाबतीत ते जवळच सापडते. ‘सेवाग्रामला दाखवले’, ‘सावंगीला भरती केले’ या वाक्यांत सेवाग्राम व सावंगी ही गावेच आहेत, पण अर्थ मात्र तेथील रुग्णालये असा आहे. गाव बोलावे आणि रुग्णालय समजावे, ही सवय जिल्ह्याच्या भाषेस आधीपासून होती. ‘टाटा’ या नावाने त्याच रांगेत जागा घेतली. मात्र येथे क्रिया उलटी झाली, रुग्णालयाचे नाव बोलले गेले आणि गाव समजले गेले. बोलीत हेच ‘टाटाले नेलं’ होते. वऱ्हाडी व नागपुरी बोलींतील ‘-ले’ या प्रत्ययाची नोंद भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात आहेच. ‘मले’, ‘तुले’, ‘मुंबईले’, ‘टाटाले’. त्या खंडाच्या संपादकांना या चौथ्या शब्दाची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

क्रियापदाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘बाबांना टाटाला नेले’ हा भावे प्रयोग होय. दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणापासून शालेय पुस्तकांपर्यंत आपण शिकत व शिकवीत आलो आहो की या प्रयोगात क्रियापद कर्त्याच्याही मागे जात नाही व कर्माच्याही मागे जात नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ राहते. नेणारा कोण हे वाक्यात बहुधा सांगितलेले नसते. ज्याला नेले तो ‘-ना’ घेऊन उभा असतो, आणि ज्या ठिकाणी नेले तेही त्याच विभक्तीच्या प्रत्ययाने येते. त्याच कुटुंबाने त्याच प्रवासात सोबत घेतलेल्या वस्तूंची वाक्ये करून पाहावी : पेटी नेली, स्टोव्ह नेला, गाद्या नेल्या, बाबांना नेले. पेटी, स्टोव्ह व गाद्या यांच्यापुढे क्रियापद लवते. बाबांपुढे लवत नाही.

एवढ्यावरून ‘मराठी भाषा रुग्णास वस्तूपेक्षाही हीन लेखते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह एखाद्या उत्साही विद्यार्थ्यास होईल, आणि अलीकडे अशा तऱ्हेचे निष्कर्ष पुष्कळ निघतात. तो मोह आवरला पाहिजे. सचेतन कर्मास प्रत्यय लावणे हा मराठीचा सर्वसामान्य नियम आहे. नवरदेवाला मांडवात नेले तरी क्रियापद ‘नेले’ असेच राहते. व्याकरणाच्या सक्तीवरून बोलणाऱ्याच्या मनाचा अंदाज बांधता येत नाही. जेथे निवड करण्यास मोकळीक आहे तेथेच तो बांधता येतो. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे : ‘बाबा टाटाला गेले’ असे म्हणण्याची मोकळीक असताना लोक ‘नेले’ का म्हणतात? रुग्ण पायांनी चालत गाडीत बसलेला असतो, तिकीट कित्येकदा त्याने स्वतः काढलेले असते, तरी ‘नेले’च का?

याचे उत्तर रुग्णाच्या असहायतेत शोधण्याची घाई करू नये. ते ‘गेले’ या रूपात आहे. ‘बाबा गेले’ या दोन शब्दांचा मराठीत जो अर्थ होतो तो सर्वांस ठाऊक आहे. ‘टाटाला’ हा शब्द मध्ये घातला तरी पहिल्या व शेवटच्या शब्दांतील ते नाते पूर्णपणे तुटत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या काळजात निमिषभर चर्र झाल्यावाचून राहत नाही. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयास जी भाषा लहान मुलास शिकविते, तिने कर्करुग्णाच्या बाबतीत ‘जाणे’ टाळावे हे तिच्या स्वभावास धरूनच आहे. म्हणजे ‘नेले’ या रूपात रुग्णाची अवहेलना नाही. ते त्याच्या जिवाभोवती घातलेले कुंपण आहे. परंतु कुंपणाचा एक परिणाम असा की आतला माणूस दिसेनासा होतो. कर्तृत्व सांगण्यास लागणारे एकमेव सोपे क्रियापद अशुभ ठरले, आणि रुग्ण आपल्याच प्रवासाचा कर्ता होण्यास मुकला.

हीच गत पुढील सर्व पायऱ्यांवर होते. डॉक्टरला ‘दाखवले’; ‘पाहणे’ या धातूचे हे प्रयोजक रूप रुग्णाला पाहिली जाणारी गोष्ट करते. तपासणीत कॅन्सर ‘निघाला’, जसे खणताना काही निघावे. नागपूरला ‘हलवले’, मुंबईस ‘रेफर केले’. खर्चाचा विषय निघाला म्हणजे रोग ‘योजनेत बसतो’ किंवा ‘बसत नाही’. किमो ‘चढवली’, शेक ‘दिला’. किरणोपचारांना पुष्कळ ठिकाणी लोक ‘शेक’ म्हणतात हे लक्षात घेण्यासारखे आहे : अणूच्या विघटनातून वा प्रचंड विद्युद्दाबातून निर्माण केलेल्या किरणांस घरच्या चुलीजवळच्या, विटेच्या व फडक्याच्या शब्दाने आपलेसे केले आहे. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्या मंडळांनी ‘कर्करोग’ हा शब्द दिला. तो ग्रीकांच्या खेकड्याचे लॅटिन व इंग्रजी मार्गाने आलेले संस्कृत भाषांतर आहे. सुश्रुताजवळ ‘अर्बुद’ व ‘ग्रंथि’ हे स्वतःचे शब्द असताना आपण खेकड्याचा रस्ता पत्करला. वर्तमानपत्रात ‘कर्करोग’ चालतो. घरात ‘कॅन्सर’ म्हणतात किंवा नुसते ‘गाठ’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा काहीच म्हणत नाहीत.

हे काहीच न म्हणणे हाच या विषयाचा गाभा आहे. अनेक कुटुंबांत रुग्णास रोगाचे नाव सांगितलेले नसते. गावात ते न सांगणे जमते. तेथे डॉक्टर ओळखीचा असतो, मुलगा बाजूस नेऊन त्याच्याशी बोलतो, कागद इंग्रजीत असतात. पण मुंबईस नेले की न सांगणे अशक्य होते, कारण नावच सांगून टाकते. एकेकाळी ‘टाटा’ हा शब्द ‘कॅन्सर’ हा शब्द टाळण्यासाठी वापरला गेला असेल. आज तो इतका पारदर्शक झाला आहे की तोही टाळावा लागतो, आणि ‘मुंबईला दाखवायला नेतो’ असे म्हणावे लागते. एका आडोशामागे दुसरा आडोसा, अशी ही रांग आहे. नागपूरच्या रुग्णालयास ज्यांचे नाव आहे ते तुकडोजी महाराज स्वतः १९६८ साली कर्करोगानेच गेले. ज्यांची भजने खंजिरीवर ऐकत दोन पिढ्या वाढल्या त्यांचे नाव आता त्याच रोगाच्या वार्तेत ऐकू यावे, हा योगायोग भाषेने कोणास न विचारता घडवून आणला आहे.

आता कथनांकडे येऊ. प्रथम हिंदीतील, पण मराठी प्रेक्षकांनी आपल्याच घरचे मानलेले, १९७१ चे ‘आनंद’. त्याचा विषय आपल्या विषयाशी तंतोतंत जुळतो : आतड्याच्या कर्करोगाचे निदान झालेला एक तरुण दिल्लीहून मुंबईस येतो. त्याला रोगाचे नाव ठाऊक आहे, उरलेला काळही ठाऊक आहे. परक्या शहराचा प्रश्न तो कसा सोडवितो? रस्त्यावर भेटेल त्या अनोळखी माणसास ‘मुरारीलाल’ अशी हाक मारून. संबोधनाच्या बळावर नाते उत्पन्न करावयाचे, ही युक्ती भाषाभ्यासकास मोठी मनोरंजक वाटेल, आणि ती सर्वस्वी काल्पनिक आहे असेही नाही. धर्मशाळेत उतरलेली वर्ध्याकडची बाई पहिल्या दिवशीच शेजारच्या खाटेवरील सोलापूरच्या बाईस ‘ताई’ म्हणते, नळावरच्या माणसास ‘भाऊ’ म्हणते, व त्या हाकेवर तिची बादली भरते.

परंतु ‘आनंद’मध्ये बादली नाही. राहावयाचे कोठे, हा प्रश्न डॉक्टर मित्राने व पुढे दुसऱ्या डॉक्टरने सोडविलेला आहे; पैशाचा विषय निघत नाही; रांग नाही, तारीख नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आनंदची गोष्ट आनंद सांगत नाही. ती डॉक्टर भास्करने लिहिली आहे, पारितोषिकही त्याच्याच पुस्तकास मिळते. रुग्ण बोलतो अखंड, पण कथन वैद्याचे आहे. चित्रपटकर्त्यांस याची कोठेतरी जाणीव असावी, असे शेवटच्या ध्वनिफितीवरून वाटते. माणूस गेल्यानंतर यंत्रातून त्याचा आवाज येतो. पुस्तकात जो मावला नाही तो फितीवर उरला. त्या प्रसंगाची लोकप्रियता केवळ अश्रूंमुळे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. त्या एका क्षणी रुग्ण कर्ता होतो.

‘श्वास’ हे याहून निराळ्या जातीचे कथन आहे, आणि मराठीपुरते बोलावयाचे तर या विषयावर इतके सरळ बोट ठेवणारे दुसरे कथन माझ्या पाहण्यात नाही. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला, माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. ५१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, व ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याचीच निवड झाली. कोकणातील आजोबा आपल्या लहानग्या नातवास, परशाला, डोळ्यांच्या तक्रारीवरून शहरातील तज्ज्ञाकडे आणतात. दृष्टिपटलाचा कर्करोग निघतो. जीव वाचवावयाचा तर शस्त्रक्रिया केली पाहिजे, आणि शस्त्रक्रिया केली तर दृष्टी जाणार. कथानक एवढेच.

या चित्रपटाची स्तुती करुणरसाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळे याचा परशा यांना ती शोभतेही. येथे वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ‘श्वास’मधील मुख्य घटना शस्त्रक्रिया ही नव्हे, ‘सांगणे’ ही आहे. डॉक्टरने आजोबांना सांगितले आहे, आजोबांनी परशाला सांगितलेले नाही, सांगावे कसे हे समाजसेविकेसही उमगत नाही. सबंध चित्रपट एका वाक्याभोवती फिरतो, आणि ते वाक्य तयार होत नाही. डॉक्टरची भाषा शहरी, नेमकी, कामापुरती. आजोबांच्या बोलण्यास कोकणचे वळण, आणि शब्द बेताचेच. समाजसेविका या दोघांमधील दुभाषी आहे. दोन्ही बाजू मराठीच बोलत असताना दुभाष्या लागतो, हे ‘श्वास’ने जितके स्पष्ट दाखविले तितके आपल्या कोणत्याही भाषाशास्त्रीय प्रबंधाने दाखविलेले नाही. हे विधान आमच्याच विभागास लागू आहे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते तेव्हा आजोबा परशाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात, व त्याला शहर दाखवितात. हा प्रसंग सर्वांच्या स्मरणात आहे. ‘दाखवणे’ हे क्रियापद येथे काय करते पाहा. इतका वेळ परशाला डॉक्टरांस ‘दाखविले’ जात होते. तो कर्म होता. आता शहर परशाला दाखविले जाते, आणि तो पाहणारा होतो. जे वाक्य आजोबांना जुळविता आले नाही त्याच्या जागी त्यांनी एक दिवस ठेवला. दिग्दर्शकाने धातूची ही उलथापालथ जाणूनबुजून योजली असेल असे नाही, आणि तसे समजण्याची गरजही नाही.

मात्र वर्ध्याच्या बाजूने पाहता ‘श्वास’बद्दल एक तक्रार उरतेच. त्यातील शहर हे निदानाचे, शस्त्रक्रियेचे व एका दिवसाच्या जत्रेचे शहर आहे. परशाचा मुक्काम काही दिवसांचा आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या रुग्णांचा मुक्काम असा नसतो. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार द्यावयाचे झाल्यास आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे रोज हजर राहावे लागते. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा, उरलेला दिवस मोकळा. पण त्या मोकळ्या दिवसासाठी छप्पर, चूल व सोबतीचा माणूस लागतो. म्हणजे हे बिऱ्हाड झाले. वेचणीच्या दिवसांत तारीख मिळाली तर कपाशी बोंडातच राहते किंवा शेजाऱ्याच्या भरवशावर सोडावी लागते. ‘तारीख’ हा शब्द लोकांनी कोर्टातून रुग्णालयात आणला तो उगाच नाही. दोन्हीकडे ती दुसरा देतो, आणि दोन्हीकडे ती वाढते.

या बिऱ्हाडाची सोय विचारपूर्वक करणारी व्यक्ती आपल्याच भागातील होती, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवे. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी ही तीर्थांची ठिकाणे तर झालीच, पण रुग्णाच्या नातलगांनाही छप्पर लागते हा विचार त्यांच्या परंपरेत पक्का रुजला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे तीत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे परगावचे रुग्ण व त्यांचे सोबती राहतात. यात्रेकरू आणि रुग्ण यांना एकाच शब्दाखाली, ‘धर्मशाळा’ या शब्दाखाली, आणणे ही केवळ सोय नव्हे, ती एक अर्थविस्ताराची क्रिया आहे. दुर्दैवाने त्या खोल्यांतील जीवनावर, तेथे एकमेकींना शिकविल्या जाणाऱ्या पातळ खिमटीच्या कृतींवर, नळीतून अन्न भरविण्याच्या कसबावर, कागदांच्या फायली सांभाळण्याच्या शिस्तीवर सकस असे ललित लेखन आपल्याकडे झालेले नाही. रेल्वे कर्करुग्णाबरोबर त्याच्या एका सोबत्यासही भाड्यात सवलत देते. आपल्या साहित्याने सोबत्यास अद्याप काहीच दिलेले नाही. ‘सोबतीला कोण आहे?’ हा प्रश्न परगावी रुग्णास नावाच्या आधी विचारला जातो.

या ठिकाणी रशियन कादंबरीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. सोल्झेनित्सिन यांची ‘कॅन्सर वॉर्ड’ १९६८ साली परदेशात प्रसिद्ध झाली. लेखक स्वतः कझाकस्तानात हद्दपारी भोगीत असता १९५४ मध्ये ताश्कंदच्या रुग्णालयात उपचारांस गेले होते, आणि कादंबरीचा नायक कोस्तोग्लोतोव हाही असाच दूरच्या वस्तीतून शहरी आलेला आहे. आपल्या शरीराचे काय करणार हे मला कळले पाहिजे, व ते नाकारण्याचाही मला अधिकार आहे, असा वाद तो आपल्या डॉक्टरीणबाईंशी घालतो. पुढे त्या डॉक्टरीणबाईंनाच तो रोग होतो, व त्यांचीही वाक्ये बदलतात. कादंबरीचा शेवटचा भाग मला विशेष वाटतो. बरा होऊन बाहेर पडलेला कोस्तोग्लोतोव एक दिवस ते शहर पाहत हिंडतो. फुललेले जर्दाळूचे झाड पाहतो, दुकान पाहतो, प्राणिसंग्रहालय पाहतो, आणि गाडीतील सामान ठेवण्याच्या फळीवर आडवा होऊन परतीस लागतो. परशाचा शहरातील दिवस शस्त्रक्रियेच्या आधी येतो, याचा नंतर. एकास जे शेवटचे पाहणे ते दुसऱ्यास पुन्हा पहिले पाहणे. दोन लेखकांनी परस्परांस न जाणता रुग्णास एकेक दिवस शहर दिले. आपल्या कथनांत ‘बाबां’ना मुंबई कोणी दाखविली आहे काय? परळ ते दादर एवढेच त्यांचे शहर, समुद्र कोठे आहे हे सात आठवड्यांत कळत नाही.

अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात रोगाभोवतीच्या रूपकांवर हल्ला चढविला. तो सुप्रसिद्ध आहे. गंमत अशी की त्या स्वतः आरंभी निरोग्यांचे राज्य व रोग्यांचे राज्य अशा दुहेरी नागरिकत्वाचे रूपक योजतात, व मग रूपकांस हाकलण्याचा निश्चय जाहीर करतात. ज्या वाचकाचे रुग्णालय त्याच्याच शहरात आहे त्याला रोग हे देशांतर वाटणे हे रूपक होय. आष्टी वा कारंजा तालुक्यातील माणसाला ते रूपक नाही. त्याने खरेच तिकीट काढलेले असते. मात्र युद्धाच्या रूपकाविषयी सोंटॅगबाईंचे म्हणणे आपण अवश्य ऐकावे. आपल्या वर्तमानपत्रांत ‘कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली’ हे वाक्य इतके ठराविक झाले आहे की त्यात माणसाचे नाव तेवढे बदलावे लागते. वर केलेल्या विवेचनाशी हे ताडून पाहावे. निदानापासून अखेरपर्यंत ज्याला नेले, दाखवले, हलवले, चढवले, त्याला मृत्युलेखात प्रथमच कर्तेपण मिळते, आणि ते हरण्यासाठी मिळते.

आता रुग्णाच्या स्वतःच्या वाक्याकडे. वर्ध्याच्या बोलीत चालू क्रिया ‘-ऊन राहणे’ या रचनेने सांगतात : ‘दुखून रायलं’. पुण्यामुंबईच्या कानास ‘-ऊन’ म्हणजे क्रिया संपली असे वाटते, आणि ‘राहिले’ म्हणजे मागे उरले. दुखणे थांबले की चालू आहे, असा क्षणभर अडखळा होतो. ‘डोया’ म्हणजे डोळा हे समजण्यास वेळ लागत नाही, पण हसण्यासही लागत नाही. आणि एकदा हसू ऐकलेला रुग्ण पुढच्या खेपेस मुलाकडे पाहतो व मुलगा प्रमाणभाषेत उत्तर देतो. वेदनेच्या शब्दांत हे नुकसान अधिक होते. मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या विशेषणांची जी प्रश्नावली केली तिच्यामागील कल्पना हीच की वेदनेचा प्रकार रुग्णाच्या शब्दावरून ओळखता येतो. ठणकणे, ठसठसणे, चरचरणे, चमक मारणे, कळ येणे, खुपणे, मुंग्या येणे, आग होणे : हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. मुलगा दुभाषी झाला की या सर्वांचे एक ‘खूप दुखतं’ होते.

विदर्भात या प्रश्नास आणखी एक अंग आहे, आणि ते ध्वनिशास्त्राच्या कक्षेत येते. खर्ऱ्याने या भागात तोंडाच्या कर्करोगाचे जे पीक आणले आहे त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा तोंड पुरते न उघडणे हे असते. पुढे जिभेचा वा जबड्याचा भाग काढावा लागतो. जिभेचे टोक गेले की त, द, न, ल, स यांच्या जागा जातात. टोक मागे वळविता येईनासे झाले की ट, ड, ण यांच्याही जातात. ओठांचे प, ब, म तेवढे शाबूत राहतात. बोलीतून ‘ळ’ आधीच ‘य’ झालेला असल्याने त्या एका ध्वनीची झीज वऱ्हाडी माणसास जाणवत नाही, असे एका विद्यार्थ्याने एकदा मला सांगितले; ते विनोदाने म्हटले होते, पण वर्णनाच्या दृष्टीने खोटे नव्हते. अशा रुग्णास वाणी-उपचार देताना जे शब्द व वाक्ये पाठ करावयास देतात ती प्रमाण मराठीत असतील तर त्याला एकाच वेळी दोन भाषा शिकाव्या लागतात. ‘मला पाणी हवे आहे’ हे त्याचे वाक्य कधीच नव्हते. ‘मले पानी पायजे’ हे होते, आणि त्यात ओठांचे ध्वनी अधिक आहेत. बोलींच्या संग्रहाचे काम लोकगीते व म्हणी यांच्यापाशी थांबविण्याची आपली जी प्रथा आहे तिचे समर्थन यापुढे करणे कठीण आहे.

रुग्ण परगावाहून येतो तेव्हा त्याचे स्वागत निराळ्या रीतीनेही होऊ शकते याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले तेव्हा गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, त्यांच्यासाठी कुटी उभी राहिली, व गांधी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. मनोहर दिवाण यांनी दत्तपूरचे काम १९३६ मध्येच सुरू केले होते. शास्त्रीबुवा पुढे तेथे गेले. रोग वेगळा होता, काळ वेगळा होता, आणि एका थोर पुरुषाच्या आश्रमावरून नगरातील गजबजलेल्या रुग्णालयाचे मोजमाप करणे न्यायाचे नाही. येथे उल्लेख केला तो एवढ्याचसाठी की त्या प्रसंगाविषयी जे लिहिले व सांगितले जाते त्यात वाक्य ‘परचुरेशास्त्री आले’ असेच असते. ‘आणले’ असे कोणी म्हणत नाही.

‘आणले’ हे रूप वर्ध्याच्या बोलण्यात शेवटी येते. ‘टाटाहून आणले’ या वाक्यावरून उपचार पुरे झाले, की उपचार थांबले, की आणखी काही झाले, यांपैकी काहीच कळत नाही. भावे प्रयोगाचे क्रियापद पूर्वीसारखेच तटस्थ असते. म्हणून ऐकणारा स्वरात किंचित बदल करून ‘आणले?’ असे परत विचारतो, आणि सांगणाऱ्यास दुसरे वाक्य बोलावे लागते. ते दुसरे वाक्य बहुधा चालण्याविषयी किंवा जेवण्याविषयी असते, आणि त्याचा कर्ता रुग्ण स्वतः असतो : स्टेशनवर स्वतः उतरले, काल पेज घेतली, ओट्यावर बसले आहेत.